डोंगराची जुनी जागा

खडकातून नमुना काढायला दोन माणसं लागतात. एकानं ड्रिल धरायचं आणि दुसऱ्यानं पाण्याचा पंप मारत राहायचं. पाणी थांबलं की पात्याला लावलेले हिऱ्याचे कण खराब होतात आणि खडकाचा चुरा भोकात चिकटून बसतो. बरीच वर्षं माझा पंप माझी मैत्रीण मारायची आणि तिचा मी. पुण्यात एकाच प्रयोगशाळेत आम्ही पाठोपाठ लागलो होतो. दोघींचीही लग्नं झालेली नव्हती, आणि हिवाळा आला की दोघी डोंगरात असायचो. मग तिला परदेशात नोकरी मिळाली. जाताना म्हणाली, "तू पण अर्ज कर ना." मी हो म्हटलं आणि केला नाही. का केला नाही ते अजूनही मला धड सांगता येत नाही. त्या वर्षी भातकापणी संपल्यावर शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरांचं उरलेलं काम माझ्या एकटीवर आलं.

काम समजायला अवघड नाही. आपल्याकडचे हे काळे डोंगर म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाचे थर. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला तोंड करून कायमचे बसतात. ती दिशा जमिनीशी किती कललेली आहे हे मोजलं, तर तो थर गोठला तेव्हा ही जमीन पृथ्वीच्या पाठीवर कुठं होती, विषुववृत्तापासून किती लांब होती, हे काढता येतं. वय वेगळ्या पद्धतीनं काढतात. खडकातल्या पोटॅशियमचा काही भाग ठरावीक गतीनं ॲरगॉन वायूत बदलत राहतो. तो वायू किती साठलाय ते मोजायचं. वय आणि जागा दोन्ही हातात आली की एकेका थराला नकाशावर बसवता येतं. तानसा तलावाच्या बाजूचे खालचे थर मैत्रीण असतानाच झाले होते. वरचे राहिले होते.

शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मला खोली मिळाली. शहापूरच्या बाजारात एका हार्डवेअरवाल्यानं सुचवलं म्हणून गेले. घर सिमेंटच्या पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण, आत दोन खोल्या. मालकीण साठीच्या पुढची, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर आणि बदलापूरला फ्लॅट घेऊन राहिलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. रोज सकाळी तिच्यापुढं मेणबत्ती लावून ती वंदना म्हणायची आणि मग चहा टाकायची. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला मॅडम म्हणायची.

पंप मारायला मी गावातला एक माणूस मजुरीवर घेतला होता. तो थोडे दिवस आला. मग त्याचं कुटुंब वीटभट्टीवर गेलं, त्यांच्याबरोबर तोही गेला. दुसरा कोणी मिळेना. एका सकाळी मी अंगणात ड्रिल पुढ्यात घेऊन नुसतीच बसले होते. मावशीनं आतून विचारलं, "आज जायाचा नाय काय, मॅडम?"

"माणूस नाही, मावशी."

"काय करतो तो माणूस?"

"पंप मारतो. फवारणीचा असतो ना, तसाच. आणि मी सांगेन तेव्हा घड्याळात टाइम बघून सांगायचा."

"एवढाच?" ती बाहेर आली. हातातला तवा तिनं पालथा घातला. "मंग मी येते की. घरात बसून काय करते? भिंती बगते."

मी नको म्हटलं. चढण आहे, ऊन आहे, असं सगळं सांगितलं. तोवर ती पायात बूट घालून तयार झाली होती. मुलानं आणून दिलेले पांढरे बूट, अजून खोक्यात होते ते. वर लुगडं नेसलेलं आणि डोक्याला टॉवेल. डोंगर चढताना ती माझ्या पुढं राहिली, आणि मला बरं वाटावं म्हणून मधूनमधून थांबायची.

टाइम सांगायचं काम महत्त्वाचं होतं. काढलेला नमुना खडकात कोणत्या दिशेला होता हे नोंदवावं लागतं, आणि आमच्या काळ्या पाषाणाजवळ होकायंत्र भरकटतं, कारण पाषाण स्वतःच चुंबकासारखा वागतो. म्हणून आम्ही सूर्याची सावली वापरतो. भोकावर एक छोटी काठी उभी करायची, तिची सावली कुठं पडते ते बघायचं, आणि नेमकी वेळ टिपून घ्यायची. सूर्य त्या वेळी कुठं असतो ते गणितानं काढता येतं. मी "आता" म्हटलं की मावशी मोबाइल डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वेळ वाचायची. अंगणवाडीत मुलांना आकडे शिकवल्यासारखी, एकेक अंक सुटा करून. समोरच्या डोंगरावरून तिचाच आवाज परत यायचा तेव्हा ती क्षणभर ऐकत राहायची.

आम्ही खालून वर जात होतो. एक थर झाला की वरचा. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्याचा अर्थ असा, की खालचा लाव्हा गोठल्यावर वरचा यायच्या आधी मधे बराच काळ गेला, ऊनपाऊस झाला, खडक कुजून माती झाली, आणि मग त्या मातीवर पुन्हा आग आली आणि ती भाजून लाल झाली. असा एक पट्टा वाटेच्या कडेलाच उघडा पडला होता. मावशीनं त्यावर हात ठेवून पाहिला.

"ही माती हाय?"

"होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

"त्यात काय उगवला व्हता का?"

"या पट्ट्यात आम्हाला काही सापडलं नाही. झाडं असतील कदाचित."

"माणसा?"

"नाही. माणूस कुठंच नव्हता तेव्हा. आणि ही जमीनसुद्धा इथं नव्हती, मावशी. खाली होती, दक्षिणेला. विषुववृत्ताच्या पलीकडं. तिथून सरकत सरकत वर आली. वर्षाला वीतभराच्याही आत."

तिनं पंप खाली ठेवला. "म्हंजे आमचा डोंगर इथला नाय."

"इथला कोणीच नाही त्या हिशेबानं."

दरीत कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "एवढी आग आली, एवढा डोंगर झाला, आन् बगाया कोण नाय. कसा वाटत असल गो?"

'मॅडम' कधी सुटलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. कसं वाटत असेल, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. परिषदांमध्ये विचारतात, मोजणीतली त्रुटी किती धरलीत.

त्या महिन्यांत मी बोलले तेवढी त्याआधी बऱ्याच वर्षांत बोलले नसेन. मैत्रिणीचा फोन सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग तिकडची वेळ आणि इकडची वेळ जुळेना. मी डोंगरावरून तिला फोटो पाठवायचे, ती दोन दिवसांनी 'मस्त' असं लिहायची. मावशीला मी माझ्या घरचं सांगितलं, सांगलीच्या भावाचं, आई गेल्यावर घर कसं परकं झालं त्याचं. तिनंही स्वतःचं सांगितलं, पण एकदम नाही.

एकदा दुपारी सावलीत भाकरी खाताना ती माझ्या हातातल्या नमुन्याकडं बघत होती. बोटभर लांबीचा गुळगुळीत दंडगोल.

"मी ल्हान व्हते तवा आयेबरोबर रस्त्याच्या कडंला खडी फोडाया बसायची," ती म्हणाली. "मुरबाडचा रस्ता करीत व्हते. आय मोठा दगड फोडायची, मी बारका. बोटावर चिंधी बांधून. एवढी वर्सं दगड फोडला, पण त्याच्याकडं बगितला नाय कदी. नुसता फोडला."

"शाळा?"

"मंग बापानं बसवली शाळेत. आयेनं ऐकलाच नाय कोणाचा. म्हणाली, ही नाय बसणार रस्त्यावर." तिनं नमुना माझ्या हातातून घेतला, गालाला लावून बघितला, आणि परत दिला. "थंड हाय."

होळीच्या जरा आधी एका रविवारी आम्ही वाटेजवळच्या थरावर काम करत होतो. ड्रिलचा आवाज मोठा असतो, त्यामुळं खाली मोटरसायकल थांबलेली आम्हाला कळली नाही. मी ड्रिल बंद केलं तेव्हा एक माणूस आमच्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. मावशी खडकापाशी उकिडवी बसली होती, लुगड्यावर राखाडी चिखल उडालेला, हातही कोपरापर्यंत तसेच.

"आई," तो म्हणाला.

ती उठली. "तू कधी आलास? फोन नाय केलास?"

"घराला कुलूप. शेजारी म्हणाले, तुझी आई दगड फोडायला जाते मॅडमबरोबर. मला वाटलं मस्करी करतायत."

"फोडत नाय मी. पंप मारते. टाइम सांगते."

तो माझ्याकडं वळला. रागानं बोलेल असं वाटलं होतं, पण तो फार सावकाश बोलला. "मॅडम, तुमचं काम मोठं असेल. मला त्यातलं कळत नाही. पण माझी आजी आयुष्यभर खडी फोडत होती. आई लहानपणी फोडत होती. मी तिला टीव्हीसमोर बसलेली बघावी म्हणून ओव्हरटाइम करतो. आणि गावातला माणूस मला सांगतो की तुझी आई डोंगरावर दगडाला बसलीय."

मी त्याला सांगू शकले असते की हे तसलं काम नाही, हे संशोधन आहे, तिच्याशिवाय एक नमुना निघाला नसता. पण चिखलानं भरलेले ते हात समोर होते, आणि त्याला जे दिसत होतं ते खोटं नव्हतं.

"मला आवडतंय म्हणून येते," मावशी म्हणाली. "तिनं बोलावली नाय मला. मीच आली."

"आवडतंय?"

"हां. इथं बोलाया माणूस हाय."

तो हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिला. मग त्यानं पाण्याचा कॅन उचलला आणि आमच्याबरोबर खाली आला. संध्याकाळी तिघांनी एकत्र जेवण केलं. जेवताना तो भिवंडीच्या गोदामातल्या गमती सांगत होता, मावशी हसत होती. भांडण झालं नाही. निघताना त्यानं सांगितलं की बायकोला दिवस गेलेत, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, आईनं थोडे दिवस यावं.

मावशी त्यानंतर एक आठवडा माझ्याबरोबर येत राहिली. पूर्वीसारखीच, पण वाटेत कोणी भेटलं की पंप माझ्याकडं द्यायची. मग एका सकाळी तिनं पत्र्याच्या पेटीत लुगडी भरली. "चार दिवस जाऊन येते. चावी तुज्याजवळ ठेव. चुलीजवळच्या डब्यात सुकट हाय, मांजर खाईल, बघ." मी तिला शेणव्यापर्यंत सोडायला गेले. शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ती मागं बसली, दोन्ही गुडघ्यांत पेटी धरून.

ती आली नाही. सून अंथरुणावर होती, मग पावसाळ्यात बाळ झालं, मग बाळाला बघायला कोणी नव्हतं. फोनवर दर वेळी म्हणायची, पुढच्या आठवड्यात येते. तो उन्हाळा मी त्या घरात एकटी राहिले. सकाळी वंदना ऐकायची सवय झाली होती, ती शांतता फार टोचायची. एक दिवस मीच मेणबत्ती लावली. म्हणायचं काय ते येत नव्हतं, म्हणून नुसती उभी राहिले.

सगळ्यात वरचा थर राहिला होता. ऊन वाढत चाललं होतं. एका ट्रॅक्टरवाल्याला विनवून एक दिवस बरोबर नेलं. तो घाईत होता, मीही. कारवीच्या दाट झुडपांमागं कड्याचा एक स्वच्छ, उभा भाग दिसला, त्यावर नमुने घेतले आणि खाली उतरले. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून चावी शेजारी दिली आणि पुण्याला आले.

पावसाळाभर मी प्रयोगशाळेत होते. नमुने कापायचे, थोडे थोडे तापवायचे, दर टप्प्याला चुंबकीय दिशा मोजायची. हे काम एका बंद खोलीत चालतं, जिथं बाहेरचं चुंबकीय क्षेत्र येऊ देत नाहीत. फोनही आत नेत नाहीत. खालचे थर एकामागून एक छान जुळत गेले. सगळे सांगत होते की ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. वरच्या थरानं मात्र भलतंच उत्तर दिलं. त्याची दिशा कशाशीच जुळेना. त्याच्यावर विश्वास ठेवला असता तर शहापूरचा डोंगर एका उडीत कुठल्या कुठं गेला असता. मी मोजणी पुन्हा केली. उत्तर तेच. मैत्रिणीला आकडे पाठवले. तिनं लिहिलं, आता या विषयापासून खूप लांब गेलेय गं, नव्यानं बघायला वेळ लागेल. मी वाट बघितली नाही.

पाऊस संपल्यावर मी परत गेले. या वेळी मुरबाडमध्ये एका लॉजवर उतरले, कारण मावशीचं घर बंद होतं आणि त्या घरात पुन्हा एकटीनं राहायची हिंमत नव्हती. सकाळी बसनं गेले. डोंगरावर पोचले. कारवी हिरवीगार, पुरुषभर उंच. गेल्या वेळी ज्या कड्यावर नमुने घेतले होते, त्याच्या समोरच्या उतारावर चढून मी पहिल्यांदाच त्याला लांबून पाहिलं. आणि दिसलं. लाव्हात वायूचे बुडबुडे वर चढताना गोठतात तेव्हा त्यांच्या उभ्या रेघा राहतात. बाकी कड्यात त्या सरळ उभ्या होत्या. माझ्या स्वच्छ भागात त्या आडव्या कललेल्या होत्या. तो कडा नव्हताच. वरून कधीतरी सुटून, कलंडून, तिथं रुतून बसलेला एक प्रचंड तुकडा होता. मूळ थर त्याच्या मागं, आणखी वर होता.

मला हसू आलं. तुकडा फिरला तशी त्यातली दिशाही फिरली होती, इतकं सोपं उत्तर होतं. "बघ ना," असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि माझं वाक्य समोरच्या खडकावरून तसंच्या तसं परत आलं. मग हसू थांबलं. मी तिथं गवतावर बसले. दूरवर मुरबाडकडे जाणारा रस्ता दिसत होता, त्यावरून एक बस जात होती. काही काळ मला वाटलं की हे सगळं सोडून खाली जावं. एका थराची दिशा कळली काय, न कळली काय. जमीन जिथून यायची तिथून आलेलीच आहे.

पण ऊन उतरायच्या आत काम करायला हवं होतं. मी मूळ थरापाशी चढले. पाण्याचा कॅन एका झाडाच्या फांदीला टांगला, त्याची नळी ड्रिलला जोडली. पाणी आपोआप गळत राहिलं. पुरेसं नव्हतं, दर थोड्या वेळानं थांबून पातं गार होऊ द्यावं लागत होतं. एक नमुना मधेच तुटला. काठीची सावलीही बघायची आणि घड्याळही, हे एकटीला जमेना, म्हणून फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून स्वतःच मोठ्यानं "आता" म्हणत गेले, आणि वेळ नंतर त्यावरून काढली. संध्याकाळपर्यंत पुरेसे नमुने झाले. उतरताना दोनदा बसून उतरले.

ते नमुने जुळले. परदेशातल्या प्रयोगशाळेतून वयंही आली, तीही थरांच्या क्रमानं नीट लागली. आमचा लेख छापून आला. छोटासा आहे. जगाच्या नकाशावर या डोंगरांची जुनी जागा आधीपेक्षा थोडी पक्की झाली, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी आभारांच्या ओळीत मी मावशीचं नाव घातलं. मैत्रिणीनं अंगठ्याची खूण पाठवली.

मग मी बदलापूरला गेले. सातवा मजला, लिफ्टजवळ चपलांचा ढीग. मावशीनं दार उघडलं आणि आधी मागं वळून बाळ झोपलंय का ते पाहिलं. ती बारीक झाली होती, केस काळे केले होते. "सुनेनं लावला," असं म्हणत लाजली. मुलगा-सून कामावर. मी लेख दाखवला, तिच्या नावावर बोट ठेवलं. तिनं ते आपल्या वाचायच्या आवाजात, अक्षर अक्षर सुटं करून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"पोराला दाखवू?"

"दाखवा की."

"नको. राहू दे." थोड्या वेळानं म्हणाली, "दाखवीन. आज नाय. त्याचा मूड बगून."

गॅलरीतून समोर दुसरी इमारत दिसत होती, तिच्या मागं तिसरी. मी विचारलं, करमतं का. ती म्हणाली, बाळ हाय ना. मग बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत म्हणाली, "ते दोघं सात वाजता जातात. हा बोलत नाय अजून. मी दिवसभर याला गोष्टी सांगते. काल त्याला सांगितलं, आपला डोंगर लांबून आलाय."

निघताना तिनं मला दाराशी थांबवलं, आत जाऊन डब्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणल्या, आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत उभी राहिली.

माझा प्रकल्प संपला. आता मी कच्छमध्ये दुसऱ्या कामावर आहे. इथला खडक वेगळा आहे, वाळूचा, आणि आमची तिघांची तुकडी आहे. तरुण मुलं आहेत, चांगली आहेत. संध्याकाळी ती आपापल्या फोनमध्ये असतात, मी माझ्या खोलीत. मावशीचा फोन साधारण त्याच सुमाराला येतो. "जेवलीस काय गो?" असं विचारते. मी हो म्हणते. बाळाला दाढा आल्या, गावच्या घराचे पत्रे उडाले, सुनेला नवीन नोकरी लागली, एवढं सांगून होतं. मग दोघींकडचंही बोलणं संपतं. तिच्या बाजूनं टीव्हीचा आवाज येत राहतो, माझ्या बाजूनं वाऱ्याचा. फोन मात्र कोणी ठेवत नाही.